अकरा पिवळे दिवस

अण्णांच्या मनगटातली टिकली त्यांच्याबरोबर गेली. बॅटरी घरात राहिली.

रुग्णालयाकडून ती परत मागणारे निरोप येत होते, आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला एक. शेवटच्या निरोपात लिहिलं होतं की हे यंत्र दुसऱ्या रुग्णासाठी हवं आहे, आपल्याला जमत नसेल तर आमचं कुणी घरी येऊन घेऊन जाईल. मी तेवीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. मुदत संपलेली पुस्तकं लोक परत का करत नाहीत, हे मला माहीत आहे असं मला वाटायचं: आळस, विसराळूपणा, पुस्तक आवडणं. या वर्षात आणखी एक कारण कळलं. परत केलेली वस्तू कुणीतरी उघडून बघतं.

टिकली आणि बॅटरी ही लोकांनी पाडलेली नावं. टिकली म्हणजे मसुराच्या डाळीएवढी पारदर्शक चकती, मनगटाच्या आतल्या बाजूला कातडीच्या लगेच खाली बसवतात. तिच्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही हजार पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत प्रथिनांच्या पुष्कळ जोड्या. जोडीतली दोन्ही प्रथिनं मूळची जेलीफिशची, पुढे माणसाने बदललेली. एक निळसर उजळतं, दुसरं पिवळं. दोघांच्या मध्ये एक बिजागरी. शरीर बराच वेळ दुखत राहिलं की काही द्रव्यं वाढतात. त्यांतलं एक त्या बिजागरीत अडकतं आणि ती मिटते.

बॅटरीतून जांभळट प्रकाश टिकलीवर टाकायचा. तो निळ्या प्रथिनाला चालतो, पिवळ्याला जवळपास चालत नाही. बिजागरी उघडी असली, म्हणजे पिवळं लांब असलं, तर निळं घेतलेली ऊर्जा आपल्याच रंगात बाहेर टाकतं. बिजागरी मिटून पिवळं जवळ आलं की ती ऊर्जा उजेड होण्याआधीच पिवळ्याकडे जाते आणि पिवळं उजळतं. जवळ म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहून कमी. त्यापलीकडे गेलं की ही देवाणघेवाण हळूहळू कमी होत नाही, कोसळते. अंतर दुप्पट झालं की चौसष्टाव्या हिश्श्याच्या आसपास काहीतरी उरतं.

निळं म्हणजे बरं आहे. पिवळं म्हणजे दुखतंय. यंत्र पिवळ्याला निळ्याने भागतं आणि शून्य ते शंभरातला एक आकडा दाखवतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं अशा रीतीने वाचता येतं. आकडा घरच्या सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी जातो. ही सोय आहे, असं माहितीपत्रकात म्हटलं आहे.

*

अण्णा, माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे पारखी होते. सौद्याला ढीग लागला की अडत्ये आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते हळकुंड मोडायचे, गाभ्याचा रंग बघायचे, आणि पूड असली तर चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळायचे. एवढंच. पंचेचाळीस वर्षं एवढंच. त्यामुळे बोटं कायमची पिवळी. घरसेवेची परिचारिका पहिल्यांदा आली तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, यांना कावीळ कधीपासून आहे? आतून अण्णांचा आवाज आला, "एकोणीसशे एकोणनव्वदपासून."

तेव्हा ते बोलत होते. कर्करोग मणक्यांत पोचला होता, पण ते बोलत होते. पुढच्या महिन्यात अर्धांगवायूने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली. तेव्हा टिकली बसवली, डाव्या मनगटात. माझ्या सहीने.

पहिले दोन महिने आकडा वीस-पंचविसाच्या वर गेला नाही. औषधं पुरी पडत होती. दर तीन तासांनी मी बॅटरी मनगटाला लावायची, पडद्यावर निळा पट्टा उमटायचा आणि कोईमतूरहून माझ्या भावाचा, श्रेणिकचा, अंगठा उंचावलेला यायचा. तो तिथे पंपांच्या कारखान्यात आहे. नवा विभाग सुरू होत होता, त्याला निघता येत नव्हतं. मला त्याचा राग नव्हता. निळा पट्टा दिसत होता तोवर नव्हता.

मग जयसिंगपूरहून चंपाआत्या राहायला आली. अण्णांची धाकटी बहीण, एकोणसत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून एकटी. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एक्क्याऐंशी दाखवत होता.

मी बॅटरी पुसून परत लावली. ब्याऐंशी.

त्या दिवसापासून अकरा दिवसांत एक दिवस सोडला तर आकडा सकाळी नऊला साठाच्या खाली आला नाही. डॉक्टर सामंतांनी औषध वाढवलं, दोन दिवसांनी पुन्हा वाढवलं. नऊचा आकडा जागचा हलला नाही. रोजचा क्रम ठरलेला होता: पहाटे सहाला चाळीसच्या आसपास, नऊला अंग पुसून झालं की एकदम वर, मग दुपार-संध्याकाळ उतरत जाणारा. मला वाटलं, पुसताना हलवतात तेव्हा मणक्यात कळ येते आणि ती दिवसभर राहते. आत्याला म्हटलं, हळू पूस. ती म्हणाली, मी फुलागत पुसतीये. तिचं म्हणणं खरं असावं. बोटंही पुन्हा पिवळी दिसायला लागली होती. आजारपणात ती पांढरी पडत चालली होती, आता पुन्हा पिवळी. या वेळी खरीच कावीळ, असं मी आणि परिचारिका दोघींनी मनात धरलं. बोललो नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर सामंत म्हणाले, "आता एकच पायरी आहे. झोपवून ठेवायचं. वेदना राहणार नाही. पण ते परत जागे होणार नाहीत. ठरवायचं तुम्ही."

मी नाही म्हटलं.

कारण असं होतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मी त्यांच्याजवळ बसून यार्डातले भाव वाचायची. राजापुरी इतकी, सेलम इतकी, आवक इतकी पोती. आणि अण्णांच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागायचा. सावकाश, दाबून, चिमूट चोळल्यासारखा. डोळे मिटलेले, कपाळावर बारीक आठी. यार्डात असायची तीच आठी. मला वाटायचं, ते ऐकतायत, ते अजून कामात आहेत. असल्या माणसाला मी कसं झोपवू?

श्रेणिकला मी कॅमेऱ्यातून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हे काम नाही. ही तडफड आहे. माणूस दुखताना चादर चिमटतो ना, तसं. तुला आकडा दिसत नाही का?"

"दिसतो."

"मग?"

मी कॅमेरा त्यांच्या हातावरून काढला. तो म्हणाला, "तू त्यांना त्यांच्यासाठी ठेवलं नाहीयेस. तुझ्यासाठी ठेवलंयस."

अण्णा बाराव्या दिवशी पहाटे गेले. श्रेणिक विमानाने आला, सगळं नीट केलं, चौथ्या दिवशी गेला. त्यानंतर वर्षभर आम्ही घरपट्टी, गॅसजोडणी, बँकेतलं वारसाचं नाव यांवर बोललो. ते वाक्य त्याने मागे घेतलं नाही. मागे घ्यावं असं मला वाटत नव्हतं, कारण मला ते खरं वाटत होतं. अकरा दिवस एका माणसाला ऐंशीच्या आकड्यावर ठेवलं होतं, आणि ते मी ठेवलं होतं, संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी.

आत्या परत गेली नाही. माझ्याकडेच राहिली. आम्ही दोघींनी त्या दिवसांबद्दल कधी विषय काढला नाही.

*

पहिल्या पुण्यस्मरणाला दहा दिवस होते तेव्हा रुग्णालयाची मुलगी बॅटरी न्यायला आली. सकाळचे अकरा वाजले होते. पंचविशीची, पाठीला पिशवी. म्हणाली, "मी आफ्रीन सतारमेकर. मिरजेहून आले."

स्वयंपाकघरातून आत्याने विचारलं, "सतारमेकर म्हणजे सतारीवाल्यांतली व्हय गं?"

"होय आजी. आजोबा, वडील, दोघे काका, सगळे सतारी करतात. मी एकटीच बॅटऱ्या गोळा करत फिरते."

"बस मग. चहा टाकते."

मी बॅटरी कपाटातून काढून दिली. आफ्रीनने ती फोनला जोडली आणि म्हणाली की आधी यंत्र बरोबर चालतंय का ते बघायचं, मग आतली नोंद उतरवून घ्यायची, मग पुसायची. तिच्याकडे एक पांढरं कार्ड होतं, त्यावर दोन गोल. पहिल्यावर बॅटरी धरली, आकडा पाच. दुसऱ्यावर धरली, नव्वद. "ठणठणीत आहे," ती म्हणाली.

आत्या चहा घेऊन आली. ती सकाळपासून कैरीच्या लोणच्याला बसली होती. आफ्रीनने एका हातात चालू बॅटरी तशीच धरून दुसरा हात कप घ्यायला पुढे केला. जांभळा प्रकाश आत्याच्या बोटांवर पडला आणि यंत्र वाजलं.

तो आवाज मी एक वर्ष ऐकला नव्हता. पडद्यावर पट्टा पिवळा झाला होता. सत्याऐंशी. खाली शब्द: वेदना तीव्र.

आत्या म्हणाली, "बघ. गुडघे दुखतात म्हणून सांगून दमले, तुला खरं वाटत नव्हतं. यंत्राला एका झटक्यात कळलं."

आफ्रीन हसली. मग हसायची थांबली. "आजी, तुमच्या हातात टिकली आहे का?"

"माझ्या हातात? या वयात कपाळावर लावत नाही, हातात कुठली?"

"मग हाताला काय लागलंय?"

"लोणचं. तेल, मोहरी, हळद, हिंग."

आफ्रीनने बॅटरी पुन्हा तिच्या बोटांवर धरली. सत्याऐंशी. हाताच्या मागच्या बाजूला धरली, आकडाच उमटला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे बघत होते. आत्याने हात पदराखाली घेतला होता. सत्तरीच्या बाईने इतक्या पटकन हात लपवलेला मी पाहिला नव्हता.

"आत्या," मी म्हटलं, "तू अण्णांच्या मनगटाला काही लावत होतीस का?"

"जखम होती ती," ती म्हणाली. "टिकली बसवली तिथं. लाल दिसायची. आणि त्याचे हात किती पांढरे पडले होते, त्रिशला. मी आले त्या दिवशी बघितलं तर माझ्या भावाचे हातच नव्हते ते. दवाखान्यातल्या साहेबाचे असतात तसे. बघवेना मला. मग सकाळी पुसून झालं की तुपात हळद कालवून लावायची. मनगटाला, तळव्याला, बोटांना. मुरली की वरची पुसून टाकायची. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

"कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. मनगटाला काही लावू नका."

"क्रीम लावू नका लिहिलं होतं. लोशन लावू नका लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं होतं. हळदीला कोण क्रीम म्हणतं?"

मी उठून खिडकीपाशी गेले. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली काहीतरी हलत होतं ज्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी बाहेर बघतच विचारलं, "म्हणजे ते अकरा दिवसांचे आकडे खोटे?"

"लगेच सांगता येणार नाही, ताई," आफ्रीन म्हणाली. "हळद लावलेली असतानाही दुखत असू शकतं. नोंद बघावी लागेल."

*

हळद जांभळ्या प्रकाशात उजळते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवत नाही, हा ग्रंथपालांचा जुना रोग. आफ्रीनने सांगितलं की पाण्यात ती फारशी उजळत नाही, पण तेला-तुपात फार उजळते, आणि बॅटरीचा प्रकाश नेमका तिच्या आवडीचा आहे. "आजींनी पाण्यात कालवली असती तर एवढं झालं नसतं," ती म्हणाली.

"पाण्यातली टिकत नाही," आत्या म्हणाली. ती दारात उभी होती, आत येत नव्हती.

आफ्रीनने नोंद फोनवर उघडली. त्या दिवसांत आम्हाला एकच आकडा दिसायचा, भागाकार करून आलेला. आत मात्र दोन्ही रंग वेगवेगळे साठवलेले होते: एक निळी रेघ, एक पिवळी. ती बोटाने रेघा मोठ्या करत गेली.

"ताई, सतारीला वरून वाजवायच्या तारा असतात आणि खाली तरफेच्या. तरफेला कुणी हात लावत नाही. वरची तार छेडली की सुरात लावलेली तरफ आपोआप बोलते. वरच्या तारेने स्वतःजवळचं थोडं तिला दिलेलं असतं, म्हणून ती बोलते. टिकलीतली जोडी तशी आहे. निळं देतं, पिवळं घेतं. देणारा दिल्यावर तेवढा कमी होतोच. म्हणजे खरं दुखत असेल तर पिवळी रेघ वर जाताना निळी रेघ खाली यायला पाहिजे. आता हे बघा."

मी बघितलं. सकाळी नऊला पिवळी रेघ भिंतीसारखी चढलेली होती. निळी रेघ जवळपास सरळ होती. नऊला जराशी खचलेली, बस.

"एवढीशी खचली ती लेपाने प्रकाश अडवला म्हणून," आफ्रीन म्हणाली. "पिवळा चौपट झालाय आणि निळ्याने काही दिलेलंच नाही. हा पिवळा टिकलीचा नाही. वरून कुणीतरी दुसरंच बोलतंय. हळदीचा रंग उजेडाने उडतो, म्हणून आकडा संध्याकाळपर्यंत खाली येतो. भागाकारात हे दिसत नाही. भागाकार केला की कुणी दिलं आणि कुणी आयतं आणलं, सगळं एकच."

"एक दिवस वेगळा होता," मी म्हटलं. "सातवा."

तिने सातवा दिवस काढला. पहाटे सहाला बत्तीस. नऊला अठ्ठावीस. बाराला चोवीस. रात्रीपर्यंत तेवीस. त्या दिवशी मी त्या निळ्या पट्ट्याकडे बघून न्हाणीघरात जाऊन रडले होते, आणि आठव्या दिवशी सकाळी एकोणऐंशी बघून मला वाटलं होतं, जाण्याआधी माणसाला एक दिवस बरं वाटतं म्हणतात, तो झाला.

"आत्या, सातव्या दिवशी तू कुठे होतीस?"

"पौर्णिमा होती. कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर गेले होते, अभिषेकाला. पहाटे गेले ते दिवेलागणीला आले. त्या दिवशी तूच पुसलंस त्याला."

मी पुसलं होतं. साबण लावून.

आफ्रीनने निळ्या रेघेवरून उलट गणित मांडलं. तिने दोनदा सांगितलं की ती डॉक्टर नाही आणि हा अंदाज आहे. मग अकरा दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. बावीस. पंचवीस. चोवीस. एक दिवस एकोणतीस. पुन्हा चोवीस.

"अगदीच दुखत नव्हतं असं नाही, ताई. पण हे सौम्यच्या आतलं आहे. पहिल्या दोन महिन्यांसारखंच."

मी तो कागद हातात धरून बसले. मला वाटलं होतं की असं काही कळलं तर मला रडू येईल. तसं झालं नाही. वर्षभर खांद्यांत काहीतरी धरून ठेवलं होतं ते सुटलं, इतकंच. चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला, आणि मला भूक लागली.

*

दारातून आत्या म्हणाली, "माझ्यामुळं त्याला औषध जास्ती गेलं का गं?"

गेलं होतं. दोन वेळा वाढवलं होतं ते पिवळं बघूनच. दुपारी मी डॉक्टर सामंतांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, वाढवूनही ते मर्यादेतच होतं, दिवस तेवढेच असते. फार तर दुपारची झोप लांबली असेल. लांबली होती. दुपारचे ते तास मला परत मिळणार नाहीत, अण्णांनाही मिळणार नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आत्या दाराची चौकट धरून उभी होती.

"नाही," मी म्हटलं. दुपारनंतरही मी ते बदललं नाही.

ती आत येऊन खुर्चीवर टेकली. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "त्याला आवडत होतं गं. हळद लावली की बोटं चोळायचा. यार्डात करायचा तसं."

"काय?"

"पहिल्या दिवशी तुझ्या फडताळात पाकिटातली हळद सापडली, ती लावली. त्यानं चिमूट धरली, एकदा चोळली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. असं. मला हसू आलं. म्हटलं, मेल्या, अंथरुणाला खिळलास तरी खोड गेली नाही. मग दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा पितळी डबा काढला, त्यानं दोन वर्षांपूर्वी स्वतः निवडून दळलेली राजापुरी होती त्यात. ती लावली तर चोळत बसला. कितीतरी वेळ. कपाळाला आठी घालून."

"संध्याकाळीही करायचे. मी भाव वाचताना."

"हाताला हळद असायची ना. आणि तू भाव वाचायचीस. मग काय करील दुसरं?"

आफ्रीनने नोंद उतरवून घेतली. तिला हे वर कळवावं लागणार होतं. आत्याने विचारलं, माझं नाव घालणार का? ती म्हणाली, नाही, रुग्णाच्या नातेवाइकाने घरगुती लेप लावला एवढंच. आत्या म्हणाली, "घाल की. चंपाबाई चौगुले, जयसिंगपूर. पुढच्यांनी तरी विचारून लावावी." निघताना आफ्रीनला लोणच्याची बाटली मिळाली. दारात तिने बॅटरी पिशवीत ठेवली, मग आठवण होऊन हात रुमालाला पुसले आणि बॅटरीही काढून पुसली. मी पोचपावतीवर सही केली.

पुढे दोन महिन्यांनी माहितीपत्रकाची नवी प्रत डाकेने आली. त्यात क्रीम आणि लोशनच्या पुढे एक शब्द वाढला होता.

*

श्रेणिकला मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मागे कारखान्याची घरघर होती. त्याने विचारलं, "काय झालं? पुन्हा बँकेचं का?"

मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. लोणचं, आत्याची बोटं, दोन रेघा, सातवा दिवस. औषधाचंही सांगितलं. मी आकडे वाचून दाखवले. बावीस, पंचवीस, चोवीस. मागची घरघर बंद झाली, तो बाहेर कुठेतरी आला असावा.

"मी रोज नऊला बघायचो," तो म्हणाला. "बसमध्ये बसलो की पहिलं तेच. ऐंशी, एक्क्याऐंशी. मग दिवसभर काम करायचो. ताई, मला तिथून फक्त आकडा दिसत होता."

"माहीत आहे."

"मी तुला जे बोललो…"

"मलाही तोच आकडा दिसत होता, श्रेणिक. मी जवळ बसून तोच वाचला."

मग त्याने विचारलं, "आणि ते बोटं चोळणं?"

मी त्याला पाकिटातल्या हळदीचं सांगितलं. एकदा चोळली आणि तोंड भिंतीकडे वळवलं, हे सांगितलं. पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा आहे हे मला जरा उशिरा कळलं. आमच्या लहानपणी आईने आणलेल्या पाकिटातली हळद अण्णांनी अशीच चोळून, न बोलता, पाकीट खिडकीत ठेवून दिलं होतं. ते कितीतरी दिवस तिथे पडून होतं.

"मग दुखत नव्हतं, ताई," श्रेणिक म्हणाला. "तुझ्या रेघांचं मला नीट कळलं नाही. पण खूप दुखत असलेल्या माणसाला पाकिटाचा राग येत नाही."

स्वयंपाकघरातून आत्याने ओरडून विचारलं, काय म्हणतोय? तो म्हणाला, पुण्यस्मरणाला चार दिवस आधीच येतोय म्हणून सांग. मी सांगितलं.

"मग हळद आणावी लागेल. डब्यात चमचाभर उरलीय."

श्रेणिकने ते ऐकलं. "आणू नका म्हणावं," तो म्हणाला. "मी आलो की आपण दोघं यार्डात जाऊ."

"तुला कळतं का काही हळदीतलं?"

"नाही. तुला?"

"नाही."

"मग तू मोड, मी चोळतो. कुणीतरी हसेल आणि चांगली काढून देईल."